चिलापी, कोंबडी आणि उंदीर यांच्या मेंदूतला गाबा: एका फसलेल्या तुलनेचं प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका पदव्युत्तर जीवरसायनशास्त्र विभागातलं हे प्रकरण. माणसांची आणि संस्थेची ओळख पटेल असं सगळं वगळलं आहे.

पीएचडीच्या विद्यार्थिनीने निवडलेला प्रश्न वरवर साधा होता. मासा, पक्षी आणि सस्तन प्राणी, तिघंही पृष्ठवंशीय. त्यांच्या मेंदूत ग्लुटामेट आणि गाबा किती असतं, आणि ग्लुटामेटपासून गाबा बनवणारं एन्झाइम किती वेगाने काम करतं? ग्लुटामेट चेतापेशींना चेतवतं, गाबा त्यांना आवरतं, आणि दोघांमध्ये रासायनिक अंतर फक्त एका पायरीचं आहे. ग्लुटामेटमधला एक कार्बॉक्सिल गट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून गेला की उरतं ते गाबा. ही पायरी ग्लुटामेट डीकार्बॉक्सिलेज करतं. प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘गॅड’ म्हणतात. सोबतीला त्याला पायरिडॉक्सल फॉस्फेट लागतं, म्हणजे बी-६ जीवनसत्त्वाचं कामाचं रूप. मेंदूत गाबा असतं हेच मुळात १९५० साली कळलं, तेही कागदी क्रोमॅटोग्राफीवर निनहायड्रिनने, म्हणजे अमिनो आम्लांना रंग देणाऱ्या रसायनाने, उमटलेल्या एका अनोळखी ठिपक्यामुळे.

प्राणी सोयीने ठरले. विस्टार जातीचे पांढरे उंदीर विभागाच्या प्राणिगृहात होते. चिलापी, म्हणजे तिलापिया, जवळच्या शेततळ्यातून मिळत होती. कोंबडीची डोकी चिकनच्या दुकानातून आणायची होती. ती नाहीतरी फेकलीच जातात, मग वेगळे पक्षी कशाला मारायचे, हा विचार प्रामाणिक होता आणि प्राणी-नीती समितीलाही पटला होता.

पहिल्या फेरीची पद्धत अशी होती. उंदराचा शिरच्छेद करून मेंदू साधारण दीड मिनिटात द्रव नायट्रोजनमध्ये जायचा. चिलापी झाकणाच्या बादलीतून यायची, वाटेत दोन तास जायचे. तिची कवटी लहान आणि काम बारीक, त्यामुळे मेंदू सोडवायला पाच-सहा मिनिटं लागायची. कोंबडीची डोकी बर्फावर यायची, दुकानातल्या सुरीपासून नायट्रोजनपर्यंत २५ ते ४० मिनिटं. पुढे सगळ्यांचं सारखंच: पर्क्लोरिक आम्लात घुसळणं, ओपीए लावणं (हे रसायन अमिनो आम्लांना चिकटून त्यांना चमकतं करतं), आणि एचपीएलसीवर मोजणं, म्हणजे द्रावण एका स्तंभातून ढकलून घटक वेगळे करणं. प्रत्येक घटक आलेखावर एक शिखर म्हणून उमटतो.

अडचण कुठे दिसली

आकडे आले ते देखणे होते. ऊतीच्या दर ग्रॅममागे गाबा उंदरात सगळ्यात कमी, चिलापीत त्याहून जास्त, कोंबडीत सगळ्यात जास्त. उंदराचे आकडे ग्रंथांतल्या आकड्यांशी जुळत होते, म्हणजे गाबा २ मायक्रोमोलच्या आसपास आणि ग्लुटामेट १० ते १२. त्यामुळे यंत्रावर किंवा प्रमाणित द्रावणांवर शंका घ्यायला जागा उरली नाही. प्रबंधाच्या प्रकरणाला नावही मिळालं होतं, त्यात ‘उत्क्रांती’ हा शब्द होता.

खटकलं ते कोंबडीच्या आकड्यांमधलं पसरलेपण. उंदरांचे आकडे एकमेकांना चिकटून होते, कोंबडीचे दूरदूर. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, “डोकी कोणत्या क्रमाने फोडलीस, ते लिहून ठेवलंयस का?”

“हो मॅडम, नळ्यांवर नंबर आहेत.”

तो नंबर आडव्या अक्षावर आणि गाबा उभ्या अक्षावर मांडल्यावर ठिपके चढत गेले. एकाच पिशवीतलं पहिलं डोकं आणि शेवटचं डोकं यांत फरक होता, आणि तो पिशवीगणिक तसाच दिसत होता. कोंबडीची जात तीच, दुकान तेच, दिवस तोच. बदलत होता तो फक्त वेळ.

मग जुन्या आलेखांतली दुसरी शिखरं पाहिली गेली, जी तोवर कुणी मोजलीच नव्हती. कोंबडीत ॲलॅनिन हे अमिनो आम्ल चांगलंच वर, ॲस्पार्टेट हे दुसरं खाली, अमोनियाचं शिखर मोठं. मेंदूचा प्राणवायू तुटला की हेच घडतं. साखर मोडून बनलेलं पायरुव्हेट जाळायला ऑक्सिजन नसतो, त्यातलं काही ॲलॅनिनकडे वळतं, आणि ॲस्पार्टेट घटतं. ॲलॅनिन हा या कामातला बिनखर्चाचा साक्षीदार आहे. त्याच इंजेक्शनमध्ये, त्याच आलेखावर तो दिसतो, आणि ऊती किती वेळ गुदमरली होती ते सांगतो. चिलापीतही तो वर होता.

मेल्यावर गाबा का वाढतं

बाकी प्रकरण यावरच उभं आहे, म्हणून हे नीट पाहायला हवं. गाबा बनवायला ऑक्सिजन लागत नाही. गॅडला ग्लुटामेट आणि पायरिडॉक्सल फॉस्फेट मिळालं की पुरतं, आणि ग्लुटामेटचा साठा गाबाच्या पाचपट आहे. गाबा मोडायचं मात्र दोन एन्झाइमांना मिळून जमतं. गाबा-ट्रान्सअमिनेजला अल्फा-कीटोग्लुटारेट हवं, आणि पुढच्या डीहायड्रोजनेजला एनएडी हवं. या दोन्ही गोष्टी पेशीच्या ऑक्सिजनवर चालणाऱ्या श्वसनातून मिळतात, म्हणून रक्तपुरवठा थांबला की आटतात. बनणं चालू, मोडणं बंद. साठा वाढणारच.

त्यात आणखी एक भर पडते. गॅडचे दोन प्रकार आहेत, गॅड-६५ आणि गॅड-६७. गॅड-६५चा मोठा भाग जिवंत मेंदूत पायरिडॉक्सल फॉस्फेटाविना, निष्क्रिय पडून असतो. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जाद्रव्य, त्याला निष्क्रिय ठेवायला मदत करतं, अजैव फॉस्फेट त्याला जागं करतं. मृत्यूनंतर एटीपी कोसळतं आणि फॉस्फेट चढतं, म्हणजे नेमकं नको तेव्हा एन्झाइम जास्त कामाला लागतं. म्हणून ही वाढ सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांतच ठळक होते. ‘अर्ध्या तासात थोडं वाढेल’ हा अंदाज इथे चालत नाही. उंदराची दीड मिनिटंसुद्धा निर्दोष नव्हती.

माशाबाबत गुंता वेगळा होता. क्रूशियन कार्प हा युरोपातला मासा बर्फाखाली ऑक्सिजनशिवाय जगतो, आणि त्या काळात त्याच्या मेंदूतलं गाबा जिवंतपणीच वाढतं. मेंदूचा खर्च कमी करण्याची ती त्याची रीत आहे. गोड्या पाण्यातल्या काही कासवांतही प्राणवायू नसताना गाबा चढतं. म्हणजे झाकणाच्या बादलीतून आलेल्या चिलापीतलं वाढीव गाबा मेल्यानंतरचं, बादलीतलं, की मुळातलं? पहिल्या फेरीच्या नोंदींवरून यातलं काहीच वेगळं करता येत नव्हतं.

विचारात घेतलेले मार्ग

कोंबडी वगळायची आणि मासा-उंदीर एवढीच तुलना ठेवायची, हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पण माशाची शंका त्याने सुटत नव्हती.

दुसरा मार्ग केंद्रित मायक्रोवेव्हचा. यासाठी बनवलेल्या यंत्रात प्राण्याच्या डोक्यावर कित्येक किलोवॉटचा झोत एक-दोन सेकंद सोडतात. मेंदू क्षणात ८० अंशांच्या वर जातो आणि एन्झाइमं जागच्या जागी निकामी होतात. अमिनो आम्लं मोजायला याहून चांगलं काही नाही. घरगुती मायक्रोवेव्हने ते होत नाही आणि करूही नये. त्यात झोत एका जागी धरलेला नसतो, शक्ती अपुरी पडते, आणि प्राण्याचे हाल होतात. खरं यंत्र मिळण्याची थोडी शक्यता होती. तरी नकार दिला, कारण एन्झाइमं निकामी झाली की गॅड कशात मोजायचं? प्रश्नाचा निम्मा भाग तिथेच संपत होता.

तिसरा मार्ग गॅडला आधीच रोखणारं ३-मर्कॅप्टोप्रोपियॉनिक आम्ल टोचण्याचा. प्राणी मारण्याच्या काही मिनिटं आधी ते दिलं की मृत्यूनंतरची वाढ थांबते, ही जुनी, तपासलेली युक्ती आहे. पण ते द्रव्य झटके आणतं, आणि ज्या एन्झाइमची क्रियाशीलता मोजायची त्यालाच अडवतं. हाही मार्ग सोडला. (हेच द्रव्य काही प्रयोगशाळा ओपीएच्या अभिकारकात मर्कॅप्टोइथेनॉलऐवजी वापरतात. दोन्ही बाटल्या एकाच फडताळात असतील तर चिठ्ठ्या ठळक हव्यात.)

चौथा मार्ग वेळेचीच मालिका करण्याचा: मेंदू ठरावीक मिनिटं तसाच ठेवायचा, वक्र काढायचा आणि मागे शून्यापर्यंत ओढायचा. अडचण अशी की वक्राचा सगळ्यात तीव्र चढ सुरुवातीच्याच मिनिटांत असतो, जिथे बिंदू मिळवणं सगळ्यात कठीण. मागे ओढलेला शून्य हा अंदाजच राहतो.

पाचवा मार्ग डोकं थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकण्याचा. गोठवल्याने एन्झाइमं थांबतात, मरत नाहीत. त्याच गोठलेल्या भुकटीतून एक वाटा आम्लात टाकून अमिनो आम्लं, दुसरा वाटा थंड बफरमध्ये घेऊन गॅड. एका प्राण्यात दोन्ही. मर्यादाही स्पष्ट होती. मोठं डोकं आतपर्यंत गोठायला मिनिटाहून जास्त लागू शकतं, कारण नायट्रोजन उकळून भोवती वाफेचा थर धरतो आणि कवटी-कातडी उष्णता अडवतात. खोल भागात गाबा वाढतच राहतं.

निवड आणि ती का

पाचवा मार्ग घेतला, त्याला चौथ्याची जोड दिली, आणि प्रश्न लहान केला. पूर्ण मेंदूऐवजी फक्त अग्रमेंदूचा वरचा थर, जो सेकंदांत गोठतो. या निर्णयावर बरीच चर्चा झाली, कारण पूर्ण मेंदूचा दावा सोडावा लागत होता. तो सोडला हेच बरोबर होतं. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत गाबाचं प्रमाण कित्येक पटींनी वेगळं असतं, आणि तीन वेगळ्या ठेवणीच्या मेंदूंची सरसकट सरासरी काढून हाती फारसं काही लागत नाही.

कोंबडीची डोकी बंद झाली. त्याऐवजी एका आठवड्याची पिल्लं घ्यायची ठरली. डोकं लहान, लवकर गोठणारं. समितीकडे सुधारित अर्ज गेला, वाढीव प्राण्यांचं कारण आलेखासह दिलं. पिल्लू म्हणजे वाढलेली कोंबडी नव्हे, ही नवी मर्यादा आली. तिची नोंद अर्जातच केली.

प्रत्यक्षात काय केलं

चिलापी आठवडाभर विभागातल्या टाकीत, हवा सोडलेल्या २६ अंशांच्या पाण्यात ठेवली. भुलीसाठी एमएस-२२२. हे पाण्यात विरघळलं की पाणी आम्लधर्मी होतं, म्हणून सोडियम बायकार्बोनेट घालून पीएच सातच्या आसपास आणावा लागतो, नाहीतर मासा तडफडतो आणि तडफडण्यात ऑक्सिजन संपवतो. भुलीच्या टाकीतही हवा चालूच ठेवली.

प्रत्येक प्राण्यासाठी दोन माणसं होती. एकाच्या हातात प्राणी, दुसऱ्याच्या हातात स्टॉपवॉच. प्रयोगशाळेतले मामा ते घड्याळ धरत आणि नायट्रोजनचा चर्र आवाज झाला की सेकंद मोठ्याने सांगत. डोकं चिमट्यात धरून नायट्रोजनमध्ये हलवत राहायचं, म्हणजे वाफेचा थर टिकत नाही.

नंतर उणे २० अंशांच्या कक्षात छिन्नीने कवटी फोडून वरचा थर काढला, नायट्रोजन ओतलेल्या खलात कुटून भुकटी केली. इथे एक घात लपलेला असतो. थंड भुकटीवर हवेतलं बाष्प दवासारखं बसतं आणि वजन वाढतं. पावसाळ्यात हा फरक डोळ्यांनी दिसतो, नळीच्या काठावर पांढरी बुरशी यावी तसा. म्हणून वजनावर विसंबणं सोडलं. आम्लात खाली बसलेली प्रथिनं १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून लाउरी पद्धतीने मोजली, आणि सगळे आकडे प्रथिनांच्या मिलिग्रॅममागे मांडले.

अमिनो आम्लांच्या वाट्यासाठी ०.४ मोलर बर्फगार पर्क्लोरिक आम्ल दहापट, भुकटी वितळण्याआधी. क्रम महत्त्वाचा. भुकटी आधी वितळली तर गॅड पुन्हा जागं होतं आणि नायट्रोजनची सगळी मेहनत त्या अर्ध्या मिनिटात वाया जाते. आम्लातच होमोसेरीन हे अमिनो आम्ल ठरावीक मात्रेत मिसळलेलं होतं, अंतर्गत प्रमाण म्हणून, म्हणजे पुढे कुठे काही सांडलं-उरलं तरी हिशेब लागतो. सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट) १० मिनिटं ४ अंशांत फिरवून वरचं द्रावण घेतलं आणि पोटॅशियम बायकार्बोनेटने उदासीन केलं. ते फसफसतं. नळीचं झाकण लगेच लावलं तर उडतं. १५ मिनिटं बर्फात ठेवलं की पोटॅशियम पर्क्लोरेट खाली बसतं. ही पायरी घाईत उरकली तर नमुना आम्लधर्मी राहतो, ओपीएची अभिक्रिया अर्धवट होते, आणि आकडे विनाकारण खाली येतात.

ओपीएचा अभिकारक असा: २७ मिलिग्रॅम ओपीए १ मिली मिथेनॉलमध्ये, त्यात ०.१ मोलर बोरेट बफर (पीएच ९.३) ९ मिली आणि मर्कॅप्टोइथेनॉल ५ मायक्रोलिटर. आदल्या दिवशी करून अंधारात ठेवायचा. पहिल्या फेरीत नमुना मिसळल्यापासून इंजेक्शनपर्यंतचा वेळ एक ते पाच मिनिटं असा हलत होता. ओपीएची संयुगं टिकाऊ नसतात आणि गाबाचं तर लवकर विघटित होतं, त्यामुळे इथेही एक घड्याळ सुटलेलं होतं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक नमुना बरोबर २ मिनिटांनी टोचला. चमक मोजताना उत्तेजनाचा प्रकाश ३४० नॅनोमीटर, उत्सर्जनाचा ४५०. टॉरीन, ॲलॅनिन आणि गाबा या स्तंभावर जवळजवळ येतात, आणि टॉरीन माशात चिक्कार. म्हणून प्रत्येक प्राण्याच्या एका नमुन्यात शुद्ध गाबा मुद्दाम टाकून नेमकं कोणतं शिखर वाढतं ते पाहिलं.

गॅडसाठी दुसरा वाटा फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ६.८), पेशीपटल विरघळवणारं ट्रायटन एक्स-१०० ०.५ टक्के, ग्लुटामेट २० मिलिमोलर. प्रत्येक नमुना दोनदा, एकदा ०.२ मिलिमोलर पायरिडॉक्सल फॉस्फेट घालून, एकदा न घालता. पहिला आकडा एकूण एन्झाइमचा, दुसरा आधीच जागं असलेल्याचा. पहिल्या फेरीत हा फरक पाहिलाच नव्हता. शून्य मिनिटाची कोरी नळी प्रत्येक नमुन्याला, कारण ऊतीतलं मूळचं गाबा वजा करावं लागतं. तापमानावरही फेरविचार झाला. उंदराचं ३७, पिल्लाचं ४१ च्या जवळ, चिलापीचं पाण्याइतकं. म्हणून प्रत्येकाचं मापन दोनदा: सगळ्यांचं ३७ वर, आणि ज्याचं त्याच्या अंगाच्या तापमानाला.

निष्पत्ती

देखणी चढण सपाट झाली. झटपट गोठवलेल्या उंदराचा गाबाचा आकडा पहिल्या फेरीपेक्षा खाली आला. पिल्लाचा आणि उंदराचा आकडा एकमेकांजवळ आले. हवा सोडलेल्या टाकीतल्या चिलापीत ॲलॅनिन उतरलं आणि त्याच्यासोबत गाबाही उतरलं. वेळेच्या मालिकेत तिन्ही प्राण्यांत गाबा चढलं, चढायचा वेग मात्र निराळा होता: गरम रक्ताच्या दोघांत जलद, चिलापीत सावकाश. प्रजातींमध्ये खरा फरक दिसला तो इथेच, आणि तो तापमानाचा होता.

गॅडची गोष्ट तशीच. ३७ अंशांवर तिघांची क्रियाशीलता जवळपास आली. ज्याच्या त्याच्या तापमानाला मोजल्यावर पिल्लू वर, चिलापी खाली. फक्त ३७ वर मोजून ‘माशाचं गॅड सस्तन प्राण्याइतकंच जोमदार’ असं लिहिणं सोपं होतं. २६ अंशांच्या पाण्यातल्या माशाला त्याचा काही उपयोग नाही.

प्रबंधातलं प्रकरण राहिलं, नाव बदललं. पहिल्या फेरीचे आकडे फेकले नाहीत. ते विलंबाच्या वक्रावरचे बिंदू म्हणून त्याच प्रकरणात दिले, प्रत्येकाच्या मिनिटांसह. हा निर्णय विद्यार्थिनीचा होता. बाईंनी आधी परिशिष्ट सुचवलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी दोन उंदरांवर चाचणी झाली असती, एक लगेच गोठवलेला आणि एक १५ मिनिटं ठेवलेला, तर सगळी पहिली फेरी वाचली असती. दोन नळ्या, एक दुपार. प्रजातींची तुलना करणाऱ्या कामात हे सगळ्यात आधी करावं, कारण प्राण्यागणिक कवटी वेगळी, म्हणजे उशीर वेगळा, आणि उशीर प्रजातीच्या आत लपून बसतो. सांख्यिकीने तो नंतर वेगळा काढता येत नाही.

दुकानातली डोकी घेताना हेतू चांगला होता, पण ‘फुकट मिळणारी ऊती’ कोणत्या मापनाला चालते हे आधी पाहायला हवं होतं. डीएनएसाठी तिथला अर्धा तास खपून गेला असता. गाबासाठी नाही. माणसाच्या मेंदूपेढ्यांनाही हा धडा मिळालेला आहे. १९७०च्या दशकात हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात गाबा आणि गॅड कमी असल्याचं दिसलं, आणि पाठोपाठ हेही दिसलं की दीर्घ आजाराने, न्यूमोनियाने हळूहळू दगावलेल्यांच्या मेंदूत गॅड तसंही घटलेलं असतं. मग तुलनेसाठी निरोगी माणूस निवडताना तो कसा वारला हेही पाहावं लागलं.

ॲलॅनिन सुरुवातीपासून मोजायला हवं होतं. ते प्रत्येक आलेखावर होतं, फक्त त्याखाली कुणी रेघ मारली नव्हती.

चिलापीचा एक प्रश्न उरला. तिच्या मेंदूचा खालचा भाग या पद्धतीने वेळेत गोठत नाही, आणि तिथलं गाबा अजून मोजलेलं नाही. त्यासाठी बोटभर लांबीचे लहान मासे आख्खेच नायट्रोजनमध्ये टाकून पाहायचं ठरलं आहे, तेही भुलीनंतरच. समितीकडे अर्ज गेला आहे. विभागाच्या नमुना-नोंदीत आता प्रजाती, वजन आणि लिंग यांच्या आधी एक नवा रकाना आहे: ‘शिरच्छेद ते नायट्रोजन, सेकंद’.